घासायला मशीन, पाणी उचलायला कोण?

पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पोचलं तेव्हा मी मशीनचं हँडल सोडलं. पाणी कसलं, काळा रबडा होता. वरच्या मजल्यावरच्या अख्ख्या वॉर्डात तो बोटभर साचला होता आणि आता त्याला जिन्याची वाट सापडली होती.

"सुभाषभाऊ, हे काय मांडलंय?" खालून आबा ओरडले. आबा म्हणजे धुळ्यातल्या, देवपुरातल्या त्या प्रसूतिगृहाचे मॅनेजर. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात जिन्याचा कठडा. "बारा वाजता सिझर झालेली पेशंट वर न्यायची आहे. याच जिन्याने. दुसरा जिना नाही आपल्याकडे!"

साडेदहा वाजून गेले होते. पायरीवर मी स्वतःच पाय ठेवला आणि सरकलो. कठडा हाताला लागला म्हणून वाचलो. माझाच पाय ठरेना तिथे चार माणसं स्ट्रेचर घेऊन कशी चढणार होती? रविवारचा दिवस, माझ्या धंद्याची पहिली ट्रायल, आणि माझ्या डोक्यात एकही उपाय नव्हता.

हे असं का झालं ते सांगायचं तर आधी मी मशीन कसं निवडलं ते सांगायला हवं. त्यात माझी अक्कल दिसते.

मी मूळचा पहूरचा, शेतकरी घरातला. अमळनेरच्या एका तेल गिरणीत फिटर होतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गिरणी बंद पडली. मोटर, बेअरिंग, बेल्ट यापलीकडे मला काही येत नव्हतं. पण गिरणीची फरशी तेलाने माखलेली असायची आणि ती साफ ठेवायचं काम शेवटची काही वर्षं माझ्याकडे होतं. जळगाव-धुळ्यात तेव्हा नवी हॉस्पिटलं, बँका, मंगल कार्यालयं उभी राहत होती. सगळीकडे मोझॅक, कोटा, शहाबादी फरशी. आणि सगळीकडे बायका उकिडव्या बसून फडक्याने पुसत होत्या. मला वाटलं, इथे मशीन आणलं तर आपण राजे.

नाशिकला एका डीलरकडे गेलो. त्याच्या सेल्समनने दोन मशीनं दाखवली. दोन्ही 'सिंगल डिस्क', म्हणजे खाली एकच गोल ब्रश, वर मोटर आणि धरायला लांब दांडा. एक छोटं, घरच्या साध्या पिनवर चालणारं. दुसरं तीन हॉर्सपॉवरचं, थ्री फेज, म्हणजे कारखान्याच्या विजेवर चालणारं. मी फिटर माणूस. मी हॉर्सपॉवर बघितली आणि बाकी काही बघितलंच नाही.

"साहेब, याच्याबरोबर वेट व्हॅक्यूम घ्या," सेल्समन म्हणाला.

"ते काय करतं?"

"पाणी ओढतं. घासून झालं की घाण पाणी जमिनीवरनं उचलून टाकीत घेतं."

मला हसूच आलं. "अहो, आमच्याकडे नळाला पाणी कधी येतं ते विचारा! पाणी मिळवायचं मशीन असेल तर द्या. उचलायचं आम्हाला काय करायचं?"

सेल्समनही हसला. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. आपण फार मार्मिक बोललो असं वाटून मी तीन हॉर्सपॉवरचं धूड टेम्पोत चढवलं आणि घरी आलो. खान्देशातला माणूस पाणी कमी पडेल याची काळजी जन्मभर करतो. पाणी जास्त झालं तर काय, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

आबांनी ट्रायल द्यायचं कबूल केलं. वरचा वॉर्ड रविवारी सकाळी रिकामा करून देणार होते. काम पसंत पडलं तर वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. त्या एका कॉन्ट्रॅक्टवर माझं सगळं होतं, कारण देवपुरातल्या हॉस्पिटलात काम केलं असं सांगता आलं असतं तर बाकीची दारं उघडणार होती.

वॉर्ड बघायला गेलो तेव्हा तिथे इंदूअक्का भेटल्या. पन्नाशीच्या, साक्रीकडच्या शेतकरी घरातल्या. नवऱ्याचं देवपुरात सायकलचं छोटं दुकान. वीस वर्षं त्या इथली फरशी पुसत होत्या. हाताखाली आणखी तीन बायका. आबांनी त्या चौघींच्या समोरच मला सांगितलं, "मशीन चांगलं निघालं तर या चौघींचं काम उरत नाही. एखादी ठेवू फार तर."

मी गप्प राहिलो. मान डोलावली असेन, आठवत नाही. ते गप्प राहणं मला अजून बोचतं.

अक्का फडकं पिळत म्हणाल्या, "म्हंजे आम्ही आते घर बशी जासूत का, आबा?"

आबा घड्याळ बघत खाली उतरले.

फरशी मोझॅकची होती, पण तसं सांगावं लागे. दिसायला ती काळपट तपकिरी आणि तुकतुकीत. नखाने खरवडलं तर नखात काळा मळ यायचा आणि वास रॉकेलचा. मी विचारलं तेव्हा अक्कांनी अभिमानाने सांगितलं, "बादलीमा टोपनभर घासलेट टाकस मी. फरशी चमकस, माशा येतस नही."

आपल्याकडे घरोघरी असंच पुसायचे. त्यात चूक एवढीच की घासलेटाचा पातळ थर मागे राहतो, त्यावर धूळ बसते, त्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा थर. वीस वर्षांत त्याचं कातडं होतं. ॲसिड टाकून ते निघत नाही. उलट ॲसिड मोझॅकमधलं सिमेंट खातं. त्याला लागतो धुण्याचा सोडा, गरम पाणी आणि घासणारा ब्रश. हे मला गिरणीतल्या तेलामुळे माहीत होतं. माझी तेवढी एक बाजू पक्की होती.

रविवारी चार हमाल लावून मशीन जिन्याने वर चढवलं. थ्री फेजचा पॉइंट फक्त खाली एक्स-रेच्या खोलीत. म्हणून जिन्यावरून जाड केबल वर आणली. सोड्याचं गरम पाणी बादल्यांनी ओतलं आणि मशीन सुरू केलं. पहिल्या पाच मिनिटांत कातडं सुटलं. ब्रशखालून काळं दूध निघावं तसं निघू लागलं. मला काय आनंद झाला! मी आणखी पाणी ओतलं. मग आणखी. गच्चीवरची अर्धी टाकी मी तासाभरात संपवली. सुटलेला मळ कुठे जाणार याचा विचार मी केलाच नव्हता. माझ्याजवळ ते उचलायला दोन झाडू आणि एक सूप होतं.

गिरणीत खाली मोठं गटार होतं. सगळं तिकडे लोटायचो. वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात गटार नसतं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

तर आबा खालून ओरडत होते आणि मी वर हँडल सोडून उभा होतो. चौघी बायका गॅलरीच्या दारात उभ्या होत्या. त्यांना काही बोलायची गरज नव्हती. अजून अर्धा तास तशाच उभ्या राहिल्या असत्या तर त्यांची नोकरी वाचली असती आणि माझं मशीन टेम्पोत परत गेलं असतं. मी त्यांच्या जागी असतो तर उभाच राहिलो असतो, खोटं कशाला सांगू?

इंदूअक्कांनी पदर खोचला. मला म्हणाल्या, "भाऊ, घासाले तुन्हं मशीन शे. पन हाई पानी उचलाले कोन शे?"

मी म्हटलं, "कोणी नाही, अक्का."

"पयले तुन्ही वायर काढ."

जिन्यावरच्या पाण्यात माझी थ्री फेजची केबल पडली होती. फिटर मी, आणि ते मला त्यांनी सांगावं लागलं. धावत खाली जाऊन मेन स्विच पाडला, केबल गुंडाळून घेतली.  वर आलो तर तिघी बायका गोणपाटाच्या वळकट्या करून जिन्याच्या तोंडाशी रचत होत्या. अक्का सांगत होत्या, "पयले खाले बांध घाला, मंग वरलं पानी दखू." शेतात पाणी फुटलं की आधी उताराकडचं तोंड बांधतात. घरी मीही ते शंभरदा केलं होतं. हॉस्पिटलात आल्यावर विसरलो.

जिन्यावरचं पाणी थांबलं. आता वरचं.

अक्का वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे गेल्या. "हाई सरकाडा. त्याना मांगे पानीनी वाट शे."

मी आणि एका बाईने कपाट ओढलं. मागे भिंतीत खाली मूठभर भोक होतं, चिंध्यांनी बुजवलेलं. बिल्डिंग बांधली तेव्हा फरशीला ढाळ त्या बाजूला दिलेला होता. पुढे कोणी तरी कपाट आणून ठेवलं आणि भोक सगळे विसरले. अक्का विसरल्या नव्हत्या. चिंध्या ओढल्या आणि काळं पाणी मागच्या मोकळ्या जागेत पडू लागलं.

मग त्यांनी आपलं हत्यार काढलं. लाकडी फळी, तिच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चुका मारून बसवलेली, वर बांबूचा दांडा. नवऱ्याकडून करून घेतलेलं. बाजारात आता 'वायपर' म्हणून मिळतो तो हाच. अशा दोन फळ्या होत्या. दोघी पाणी लोटत होत्या, दोघी मागून फडक्याने राहिलेलं टिपत होत्या. मला फडकी पिळायला बसवलं. "जोरबन पीळ, भाऊ," एक जण म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. मीही हसलो. काय करणार?

जिना त्यांनी शेवटी घेतला. सोड्याच्या गरम पाण्याने पायरी पायरी धुतली, कोरडी केली आणि वर कोरडी गोणपाटं अंथरली. पावणेबाराला आबा स्वतः दोनदा चढले-उतरले. बाराला स्ट्रेचर वर गेलं. मी खाली भिंतीला टेकून उभा होतो. ती बाई झोपेत होती, तिची आई मागून बाळ घेऊन चालली होती. तिघं नीट वर गेली. तेव्हा कुठे मी भिंत सोडली.

नंतर मी अक्कांना विचारलं, "तुम्ही का मदत केलीत? तुमचंच काम जाणार होतं."

त्या फळी धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "फजिती तुन्ही व्हयनी. पन पडती कोन? ती बाई."

मी त्यांच्या पाया पडलो. नाटक म्हणून नाही, सुचलंच तेवढं. त्या ओरडल्या, "ऊठ, ऊठ, ओलं शे!"

दुपारपर्यंत फरशी वाळली. मोझॅकमधले पांढरे आणि हिरवे खडे दिसायला लागले. कोणालाच आठवत नव्हतं की फरशी हिरवी आहे. नर्स येऊन बघून गेल्या. डॉक्टरसाहेब चप्पल बाहेर काढून आत आले. अक्का मात्र कोपऱ्यात बसून हाताने फरशी चाचपत होत्या.

"म्हंजे इस वरीस मीच काळी करी का हाई फरशी?" त्यांनी मला हळूच विचारलं.

 खोटं बोललो असतो तर त्यांना कळलं असतं. मी म्हटलं, "अक्का, इथे वीस वर्षांत बाळांवर माशी बसली नाही. फरशीचं काय, ती आज स्वच्छ निघाली."

त्यांनी डोळे पुसले आणि हाताला लागलेलं पाणी लुगड्याला पुसलं.

आबा खूश होते. ऑफिसात बोलावून म्हणाले, "सुभाषभाऊ, कॉन्ट्रॅक्ट तुमचं. घोटाळा केलात, पण फरशी लख्ख काढलीत. महिन्यातून दोनदा या. आणि त्या चौघींचं मी बघतो."

या वेळी मी गप्प बसलो नाही. "आबा, चौघी राहतील आणि मशीन त्याच चालवतील. नाही तर मला हे काम नको."

"बायका कमी होणार नसतील तर मशीन कशाला?"

"आज मशीन होतं. बायका नसत्या तर?"

आबांनी जिन्याकडे पाहिलं.  मग म्हणाले, "ठीक आहे. पण ते धूड पुन्हा माझ्या जिन्यावरून न्यायचं नाही."

मी काही फार थोर माणूस नाही. चौघींशिवाय माझा धंदा होणार नव्हता, हे त्या सकाळी मला समजलं होतं. त्यात त्यांचं भलं झालं तर बरंच झालं.

पुढच्या आठवड्यात मी नाशिकला पुन्हा त्याच डीलरकडे गेलो. या वेळी एसटीत माझ्या शेजारच्या सीटवर इंदूअक्का होत्या. सेल्समनने मला ओळखलं आणि अक्कांसाठी स्टूल मागवलं. त्या बसल्या नाहीत. त्यांनी छोट्या मशीनचा दांडा धरला, मशीन आडवं पाडलं, ब्रश कसा निघतो ते बघितलं. मोठ्या मशीनकडे बोट करून म्हणाल्या, "येवढं धूड जिनावर कोन चढावी?"

"मावशी, याची पॉवर जास्त आहे," सेल्समन म्हणाला.

"पावर फरशीले नही लागत. ब्रश लागस."

हे अगदी खरं आहे. फरशी घासताना ताकद ब्रशच्या केसात आणि सोड्यात असते. मोटरने तो फक्त फिरवायचा असतो. मोठी मोटर लागते ती फरशी तासायला, साफ करायला नाही. मी फिटर असून हॉर्सपॉवरला भुललो.

मग व्हॅक्यूम. अक्कांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला. "साहेब, आठे सांडू का?"

सेल्समन काही बोलायच्या आत पाणी दुकानाच्या फरशीवर पडलं होतं. त्याने मशीन लावलं. नळीच्या तोंडाला रबराची पट्टी होती. ती पाण्यावरून फिरली आणि फरशी कोरडी. अक्कांनी खाली वाकून हात लावला.

"बठ्ठं पी गयं वं माय!" मग माझ्याकडे वळून, "पट्टी मना फळीसारखीच शे, भाऊ. मी सायकलनी लावेल शे, यानी विकत लावेल शे."

सेल्समन हसता हसता म्हणाला, "मागच्या वेळी साहेब म्हणाले, पाणी उचलायचं मशीन नको."

"त्यासले पुसाले कोनी सांगेल शे का कधी?" अक्का म्हणाल्या. 

डीलर भला होता. एकदाच वापरलेलं मोठं मशीन त्याने कुरकुर करत बदलून दिलं. आम्ही छोटं मशीन, व्हॅक्यूम आणि दोन जादा ब्रश घेतले. परत येताना अक्कांनी आणखी एक अक्कल दिली. पाणी बादलीने ओतायचंच कशाला? "कपाशीवर औषध कसं मारतस? पाठवर पंप लेतस ना? तसं मार." मी औषधाचा थेंबही न लागलेला नवा फवारणीचा पंप घेतला आणि त्यात सोड्याचं पाणी भरलं. फरशी नुसती भिजवायची, मुरू द्यायची, घासायची, लगेच ओढून घ्यायची. जिथे मी अर्धी टाकी संपवली होती तिथे चार बादल्या पुरू लागल्या. पुढे जळगावला बँकेत, मंगल कार्यालयात, जिथे जिथे काम मिळालं तिथे मी हाच पंप घेऊन गेलो. चौघींतल्या दोघी माझ्याबरोबर यायच्या. पाणी वाचतं म्हणून कामं मिळत गेली, ते श्रेय माझं नाही.

कॉन्ट्रॅक्टच्या कागदावर आबांनी एक रकाना ठेवला होता : मशीन ऑपरेटर. तिथे मी चौघींची पूर्ण नावं लिहिली. अक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला वाचून दाखवायला लावलं.

"ऑपरेटर म्हंजे काय?"

"मशीन चालवणारी. मशीन तुमच्या ताब्यात, अक्का."

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "मना ताबामा?"

"हो."

"मंग आजपासून तू त्याले हात लाऊ नको, भाऊ."

मी हात लावला नाही. त्यांनी काम सोडेपर्यंत ते मशीन एकदाही बिघडलं नाही, आणि माझ्यातल्या फिटरची गरज कोणाला पडली नाही.

आता हा धंदा सुरू करणारी मंडळी माझ्याकडे येतात. कोणतं मशीन घेऊ, किती हॉर्सपॉवरचं घेऊ, असं विचारतात. मी त्यांना विचारतो, ती फरशी हल्ली कोण पुसतं? त्या बाईचं नाव काय? नाव सांगता आलं नाही, तर मी सांगतो की तुमची मशीन घ्यायची वेळ अजून आलेली नाही.